सहा तास चाळीस मिनिटं

पहाटे चारला फोन. बोगी, लिलावघराचा:
"अकरा टन कॉड उतरलाय, बर्फ वितळतोय,
आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय."
क्लाक्सविकच्या धक्क्याला तीन बोटी लागलेल्या,
चौथी बाहेर, दिवे लावून, वाट बघत.

मी पायमोज्यांवरच खुर्चीत बसलो.
आधी नेहमीचं. मशीन जिवंत आहे का?
हाक मारली, दोन मिलिसेकंदांत ओ आली.
पोर्ट उघडं.
पासवर्ड चालतोय. मागच्या वर्षी त्याची मुदत संपली होती
आणि आम्ही तीन तास केबलवर संशय घेत बसलो होतो,
तेव्हापासून मी पासवर्ड आधी बघतो.
डिस्क निम्मी रिकामी.
तरी दारात उत्तर एकच: जागा नाही.
शंभर कनेक्शनं, सत्त्याण्णव भरलेली,
उरलेली तीन माझ्यासारख्यांसाठी राखीव.

"मग दोनशे कर ना," बोगी म्हणाला.
सगळे हेच म्हणतात.
डॉक्टर आत कोंडला गेलाय
आणि आपण बाहेर बाकं वाढवायची.

राखीव दारातून आत शिरलो.
आत गोंधळ असेल असं वाटलं होतं.
नव्हता. शहाण्णव क्वेऱ्या गुमान उभ्या,
प्रत्येकीचं काम इवलंसं:
ही पेटी कुठल्या बोटीची, पैसे कुणाच्या खात्यात.
इंडेक्स जागेवर. काल हीच कामं
पापणी लवायच्या आत उरकत होती.
मग घोडं पेंड कुठे खातंय?

यादी वेळेनुसार लावली, सगळ्यात जुनं वर.
सत्र ४११७.
काही करत नाही. काही सोडतही नाही.
व्यवहार उघडा,
सहा तास चाळीस मिनिटं.
वापरकर्ता सुन्वोर, दुसरा मजला.
तिचं शेवटचं वाक्य उघडून वाचलं:
बोटींची वही. लोमुर. मालक बदला.
हानुसच्या जागी सुन्वोर.

हानुसला फेब्रुवारीत पुरला.
वारा असा होता की पाद्री काय बोलला
ते पुढच्या रांगेलाही कळलं नाही.

आमचा प्रोग्राम जुना. एक ओळ बदलायला
अख्खी वही छातीशी धरून बसतो.
तिने नाव लिहिलं असणार,
त्याने विचारलं असणार: कायम करायचं?
हो. नाही.
आणि ती कोट घालून घरी गेली.

सत्र मारायला एक ओळ पुरते.
मी ती लिहिली, आणि एंटर न दाबता
तिला फोन लावला.
पहिल्याच घंटीला उचलला.
"मला वाटलं, काहीच दाबलं नाही
तर काहीच होणार नाही."
"काहीच झालं नाहीये," मी म्हणालो,
"म्हणूनच सगळे थांबलेत."
ती बराच वेळ गप्प. मागे किटली शिट्टी घालत होती.
"बाहेर लोमुर आहे ना? भाचा घेऊन गेलाय.
त्याला थंडीत ताटकळत ठेवू नकोस. काढून टाक मला."

एंटर.
रोलबॅकला एक सेकंदही लागला नाही.
शहाण्णव जणी एकदम सुटल्या,
बोगी पलीकडे आकडे ओरडायला लागला,
मला विसरून, फोन तसाच चालू ठेवून.

साडेचारला लोमुर धक्क्याला लागली.
सातशे वीस किलो हॅडॉक,
पैसे मालकाच्या खात्यात जमा.
मालक: हानुस.
वहीत तो अजून आहे.

उजाडायच्या आत सेटिंगमध्ये मुदत घातली:
उघडा ठेवलेला व्यवहार आपोआप मिटेल,
इतक्या मिनिटांनी.
पाच लिहिलं.
खोडलं, पंधरा केलं.